मिटल्या डोळ्यांची नक्कल

थोर चित्राची दुसऱ्या माध्यमात पुनर्निर्मिती करावी काय, या प्रश्नाचे कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. आपल्याकडे कलाकृतीवरील स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. फ्रेंच प्रतीकवादी चित्रकार ओदिलाँ रदाँ १९१६ साली निवर्तला. तेव्हा त्याचे ‘मिटलेले डोळे’ हे १८९० सालचे तैलचित्र कोणीही खुशाल उतरवावे. औचित्याचा प्रश्न मात्र उरतोच. पेस्टलच्या मऊ खडूंनी हे चित्र काढण्याचे हौशी प्रयत्न पाहता तो तपासणे आम्हास अगत्याचे वाटते.

मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे; उंची जेमतेम हातभर. एका आडव्या रेषेमागून, जणू निश्चल जलातून, मस्तक व खांदे वर आले आहेत. मान कललेली, नेत्र मिटलेले. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, याचा निर्णय होत नाही. रंग इतका विरळ की कापडाची वीण त्यातून दिसते. कोळसा आणि शिळामुद्रण यांच्या काळ्या सृष्टीत वर्षानुवर्षे रमलेला रदाँ याच सुमारास रंगांकडे वळू लागला होता.

पेस्टल म्हणजे अत्यल्प डिंकाने बांधलेली रंगाची पूड. चिमटीतून रांगोळी सोडणाऱ्या आमच्या भगिनींना तिचा स्वभाव समजावून सांगावयास नको. ती कागदाच्या खरखरीत अंगावर बसते, आत मुरत नाही. तिच्या कणाकणांवरून प्रकाश विखुरतो. स्वतः रदाँने पुढे विपुल पेस्टलचित्रे काढली. म्हणजे माध्यम या चित्राला परके नाही. दोष आहे तो हाताळणीत.

पहिला दोष बोटाने घोटण्याचा. गाल गुळगुळीत करण्याच्या हव्यासात कण दबतात, प्रकाश विझतो आणि चेहरा मेणाचा होतो. दुसरा, पापणीची कड गडद रेषेने बांधण्याचा; त्याने निजलेला मनुष्य दिसतो, अंतर्मुख झालेला दिसत नाही. तिसरा दोष निष्ठेच्या नावाखाली येतो. मूळ कापडाची वीणसुद्धा खडूने रेखाटण्याची धडपड केली जाते. वीण हा तैलचित्राचा देहधर्म होय. कागदाला त्याचा स्वतःचा पोत आहे.

येथे रदाँचाच दाखला निर्णायक ठरावा. हेच चित्र त्याने १८९० मध्येच शिळामुद्रणातही केले. तेथे रंग सर्वस्वी सुटले, पण ती शांतता सुटली नाही. न्यायालयात नक्कल अक्षरशः जुळावी लागते. कलेत तो दंडक चालत नाही. जीर्णोद्धारात भंगलेल्या मूर्तीच्या जागी नवी घडविताना शिल्पी जुन्या मूर्तीचे ओरखडे मोजीत बसत नाही. तो देवतेचे ध्यान आणि शास्त्रोक्त प्रमाण सांभाळतो. पाषाण नवा असला तरी भक्ताला देव तोच भेटतो.

म्हणून आमचे मत असे की पुनर्निर्मिती अवश्य व्हावी. करड्या छटेचा कागद घ्यावा, त्याचा काही भाग उघडाच ठेवावा, म्हणजे मुळातील विरळपणा आपोआप साधेल. रंग बसविणारा फवारा जपून मारावा, कारण त्याने छटा काळवंडतात. चित्र काचेखाली, पण काचेला न टेकता ठेवावे. आणि पापणीपाशी हात आवरावा. त्या मिटण्यातच या चित्राचे सारे प्रयोजन आहे. ते हुकले तर बाकीचे साम्य व्यर्थ होय.