पहिल्या अंकापाशी अडलेली मराठी चित्रकथा

मराठीत चित्रकथेचा पहिला अंक निघतो; दुसरा बहुतेक वेळा निघत नाही. पुस्तक प्रदर्शनातल्या टेबलांवर, दिवाळीच्या तोंडावर दुकानांत, किंवा चित्रकाराने पदरमोड करून छापून कुरियरने पाठवलेल्या पाकिटातून असे अंक हाती येतात. मुखपृष्ठावर ठळक 'अंक १' असतो, शेवटच्या पानावर 'क्रमशः' असते, आणि वर्षभराने चौकशी केली तर काम तिथेच थांबलेले असते. पैसा नाही, वितरण नाही, वाचक नाही ही कारणे सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण असे बरेच अंक लागोपाठ वाचल्यावर माझे मत झाले आहे की यांतले पुष्कळसे अंक बाजारात हरण्याआधी पहिल्या चार पानांतच हरलेले असतात.

ती चार पाने बहुधा सारखीच असतात. प्राचीन काळी एक राज्य होते, त्याचा एक शाप होता, त्या शापाची सात पिढ्यांची हकिगत. मग एखादा नकाशा, मग एका ऋषींचे लांबलचक भाषण. चित्रकार मात्र तयारीचा असतो. हाताची बोटे, कापडाच्या चुण्या, पावसातला उजेड यांवर त्याने जीव ओतलेला दिसतो. आणि त्याच चित्रावर लेखकाने निम्मे पान झाकणारा मजकुराचा चौकोन ठेवलेला असतो. नायक येतो नवव्या पानावर, तोही तोंड उघडून स्वतःची ओळख करून देत. वाचकाला अजून त्या नायकाची काळजी वाटावी असे काहीच घडलेले नसते.

१९३८च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम आला. त्याचा ग्रह फुटला, बाळ यानातून पृथ्वीवर आले, अनाथाश्रमात वाढले, एवढेच काय, त्याच्या ताकदीचे मुंगी आणि टोळाच्या दाखल्याने दिलेले स्पष्टीकरण, हे सगळे एका पानात आटोपले आहे. दुसऱ्या पानावर तो रात्रीच्या अंधारात, हातपाय बांधलेल्या एका बाईला उचलून गव्हर्नरच्या घराकडे धावतो आहे; एका निरपराध स्त्रीची फाशी थांबवायची आहे आणि वेळ थोडा आहे. चित्रे ओबडधोबड आहेत. आजचा आपला कोणताही होतकरू चित्रकार त्याहून सफाईने काढील. पण ती धाव वाचकाला ओढून नेते. स्पायडरमॅनची पहिली गोष्ट १९६२ साली अवघ्या अकरा पानांत आली, आणि ज्या मासिकात आली त्याचा तो अखेरचा अंक होता. त्या अकरा पानांत एका मुलाला शक्ती मिळते, तो माजतो, समोरून पळणाऱ्या चोराला जाऊ देतो आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. पुढे शेकडो अंक निघाले ते या एका अपराधाच्या बळावर.

आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना अशा सुरुवाती 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ठाऊक आहेत. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४मध्ये ही मालिका सुरू केली, पहिला अंक वेताळाचा होता, आणि ती १९९०पर्यंत चालली. मराठीतही ती येत असे. वेताळाचा निर्माता ली फॉक याच्या कथांमधली एक युक्ती आजच्या लेखकांनी वहीत उतरवून घ्यावी अशी आहे. समुद्रचाच्यांनी बुडवलेले जहाज, किनाऱ्याला लागलेला एकटा माणूस, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेली शपथ, बापामागून मुलाने चढवलेला तोच मुखवटा, ही हकिगत जवळजवळ प्रत्येक कथेत दोन-तीन चौकटींत पुन्हा सांगितली जाई. त्यामुळे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर कुठलाही अंक उचलला तरी तो पहिला अंक म्हणून वाचता येई. वाचकाला मागचे माहीत असलेच पाहिजे अशी अट नव्हती आणि माहीत असलेल्याला कंटाळाही येत नव्हता. आपल्या नव्या अंकांत ही किमया क्वचितच साधते.

आता एक बोचणारी गोष्ट. पहिला अंक काढण्याचे कसब मराठी हाताला नाही असे मुळीच नाही. अमर चित्र कथेच्या मालिकेत पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. संपादक अनंत पै यांची स्वतःची मालिका खऱ्या अर्थाने सुरू झाली ती अकराव्या क्रमांकाच्या 'कृष्ण'पासून, आणि तो अंक चितारला राम वाईरकर यांनी. पुढे 'टिंकल' या मुलांच्या नियतकालिकातल्या सुपंडीला त्यांनीच रूप दिले. शिकारी शंभूची डोळ्यांवर उतरलेली टोपी वसंत हळबे यांची. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. देशभरातल्या मुलांनी इंग्रजी-हिंदीत वाचलेल्या या पात्रांचे चेहरे मराठी चित्रकारांच्या टेबलावर घडले.

सर्वांत ठळक उदाहरण नागराजचे. राज कॉमिक्सने १९८६ साली 'नागराज'चा पहिला अंक काढला. लेखक परशुराम शर्मा, चित्रकार पुण्याचे प्रताप मुळीक. हिंदीतल्या सुपरहिरोंमध्ये मला हा पहिला अंक आजही अव्वल वाटतो. यातला नायक सुरुवातीला नायकच नाही. प्रोफेसर नागमणी याने घडवलेले ते एक जिवंत हत्यार आहे, अतिरेक्यांना भाड्याने देण्यासाठी. त्याची पहिली कामगिरी म्हणजे एका देवळातून देवीची सोन्याची मूर्ती पळवणे. म्हणजे वाचकाची पहिली ओळख होते ती चोराशी, आणि तो चोर जिंकत असतो. मग बाबा गोरखनाथ त्याला हरवतात, त्याच्या डोक्यातली त्याला ताब्यात ठेवणारी कॅप्सूल काढून टाकतात, आणि शुद्धीवर आलेला नागराज ज्यांच्यासाठी बनवला गेला त्यांच्याच विरुद्ध उभा राहतो. मुळीकांनी त्याचे अंग खवल्याखवल्याने भरले, पण चेहरा माणसाचा ठेवला. म्हणून त्याची कीव करता येते आणि भीतीही वाटते. एका अंकात गुलामगिरी, लढाई, पराभव आणि सुटका बसवली आहे. मराठीतला एखादा नायक मुळीकांच्या हाताला असा लाभला असता तर आपल्या भाषेतल्या चित्रकथेचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला मनापासून वाटते.

मराठी हातांनी दुसऱ्या भाषांसाठी काम करणे पुढच्या पिढीतही चालू आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांचे 'कारी' २००८ साली आले. दोन मुली इमारतींवरून उडी घेतात, एक जाळ्यामुळे वाचते आणि दुसरी गटारामुळे. तिथून पुस्तक सुरू होते. इतकी धीट सुरुवात भारतीय चित्रकादंबरीत मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. पुस्तक इंग्रजीत आहे. मुंबईच्या अभिजित किणी यांची 'अँग्री मावशी' तर नावापासून अस्सल आपली, चाळीतून उठून थेट पुढाऱ्यांच्या अंगावर जाणारी, तीही इंग्रजीत. या कलावंतांनी कोणत्या भाषेत काम करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. प्रश्न मराठी प्रकाशकांचा आहे, ज्यांच्या दारात ही माणसे उभी राहू शकली असती.

मराठीत यशस्वी झाले ते 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी नोव्हेंबर १९९१मध्ये 'सकाळ'मध्ये ती मालिका सुरू केली आणि घराघरांत दिवस तिथूनच उजाडू लागला. तिचे यश नीट पाहिले पाहिजे. चिंटूला उगमकथा नाही, शपथ नाही. पहिल्या दिवसापासून तो वाड्यात, गल्लीत, मित्रांत आहे आणि बोलतो तसेच जसे आपल्या घरातले पोर बोलते. पण ती रोजच्या तीन-चार चौकटींची कला आहे. चोवीस-बत्तीस पानांची गोष्ट पेलण्याचा सराव तिच्यातून कुणाला मिळणार नव्हता.

त्या लांबीच्या मराठी अंकांत गर्दी आहे ती चरित्रांची, आणि त्यातही शिवचरित्राची. आदर कितीही असला तरी बत्तीस पानांत शिवनेरीपासून रायगडापर्यंत धावणारा अंक ही चित्रकथा होत नाही, ती सचित्र सनावळी होते. प्रत्येक प्रसंगाला दीड पान, प्रत्येक माणसाला एक वाक्य. याऐवजी कुणी जुलै १६६०मधली पन्हाळ्याची एकच रात्र घ्यावी. सिद्दी जौहरचा वेढा, कोसळता पाऊस, दोन पालख्या, आणि महाराजांचा वेष अंगावर चढवत असलेला शिवा काशीद. आपण आता परत येणार नाही हे त्याला माहीत आहे. तो वेष चढवण्यालाच चार पाने द्यावीत, एकही शब्द न लिहिता. असा पहिला अंक मला वाचायचा आहे.

भाषेचेही तेच. आपल्या चित्रकथांतली माणसे पाठ्यपुस्तकातले मराठी बोलतात. रत्नागिरी तालुक्यातला खलाशी दाखवला तरी त्याच्या तोंडी ना संगमेश्वरी बोली असते, ना साधी घरगुती वाक्ये. चित्रातले आवाजसुद्धा इंग्रजीतून उचललेले. काच फुटली की 'क्रॅश', दार आपटले की 'बँग'. ज्या भाषेत काच खळ्ळकन फुटते, दार धाडकन लागते, नारळ धप्पकन पडतो आणि साप सर्रकन जातो, तिच्या चित्रकारांना आवाज उसने आणावे लागू नयेत. फुग्यांतला मजकूर तयार फाँटात कोंबलेला असतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि डोळा अडखळतो. देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते, एवढे धरून फुगा आधी आखायचा असतो. चांगला अक्षरलेखक नेमला तर निम्मा अंक सुधारेल.

मी हे मालगुंडमधून लिहितो आहे. गणपतीपुळ्याला येणारे पुष्कळ लोक केशवसुतांचे जन्मघर बघायला इकडे वळतात. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे १९९४ साली स्मारक उभे केले. केशवसुतांनी चौदा ओळींचे सुनीत इंग्रजीतून मराठीत आणले, हे शाळेत सगळेच शिकतात. १८९२ सालचे त्यांचे ते पहिले सुनीत मयूरासन आणि ताजमहालावरचे होते. आकृती बाहेरची, विषय इथला, आणि त्यामागची तळमळ त्यांची स्वतःची. चित्रकथेचा साचा बाहेरून आला याची लाज बाळगायचे कारण नाही. पण आपण साच्याबरोबर नायक, शहर, खलनायक आणि त्याचे हसणेही घेऊन आलो.

खरे तर चित्र दाखवत गोष्ट सांगणे कोकणाला नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्याने लावत आले आहेत. ती कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतले मोठे डोळे, एका बाजूने दिसणारे चेहरे, पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी ठेवण्याची पद्धत यांतून आजच्या चित्रकाराला स्वतःची शैली काढता येईल. गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायन'मध्ये डॉ. आंबेडकरांची कथा आपल्या परंपरेच्या रेषेत सांगितली आणि चौकोनी चौकटी पार मोडून टाकल्या. पिंगुळीच्या रेषेला अशी संधी कुणी देऊ केलेली मला दिसत नाही.

आणि नायक? वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला माणसाच्या मापाच्या कितीतरी पट मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. झिजलेल्या तळाची ती वहाण एका पानावर मोठी काढा. दुसऱ्या पानावर चांदण्यातली पायवाट आणि शेवटच्या चौकटीत घाबरलेला एक चोर. पहिला अंक सुरू झाला. हे द्रव्य इतरांनी ओळखले आहे. राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' या चित्रपटासाठी शेकडो पानांचा चित्रफलक आधी काढला होता असे सांगितले जाते. 'मुंज्या'ने २०२४ साली हिंदीत कोकणातले भूत देशभर नेले, 'दशावतार'ने २०२५मध्ये मराठी प्रेक्षकांना थिएटरात ओढले. सिनेमाला कोट्यवधी रुपये लागतात. चित्रकथेला कागद, शाई आणि दोन माणसांचे एक वर्ष.

ते एक वर्ष मात्र कुणीतरी पोसले पाहिजे. मोठे नायक स्वतंत्र पुस्तकांतून क्वचितच जन्मले. ॲस्टेरिक्स आला तो ऑक्टोबर १९५९मध्ये 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात, इतर मजकुराच्या शेजारी, आणि आठवड्याला एकेक पान करत मोठा झाला. सुपंडी-शंभूला 'टिंकल'चे घर होते. एकट्या चित्रकाराने कर्ज काढून 'अंक १' छापायचा आणि तो खपला तर पुढचे बघायचे, या रीतीने कोणत्याच भाषेत परंपरा उभी राहणार नाही.

मराठीत तसे घर आधीपासून आहे. बालभारतीचे 'किशोर' १९७१पासून निघते आणि गावोगावच्या शाळांत पोचते. दिवाळी अंकांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. माझी या संपादकांना कळकळीची विनंती आहे: दर अंकातली आठ पाने, मासिक असेल तर सलग बारा महिने, एका लेखक-चित्रकार जोडीला द्या. मानधन आधी ठरवा, अक्षरलेखक वेगळा नेमा, आणि पहिल्या पानावर 'प्राचीन काळी' लिहू देऊ नका. आणि वाचकांनो, जत्रेत, प्रदर्शनात कुणा अनोळखी चित्रकाराचा 'अंक १' दिसला तर विकत घ्या, वाचा, आणि आवडला-नावडला ते त्याला लिहून कळवा. दुसऱ्या अंकाचे काम त्या पत्रापासून सुरू होते.