बरवे, प्रभाकर

(१६ मार्च १९३६ – ६ डिसेंबर १९९५). आधुनिक भारतीय चित्रकार व वस्त्राकृतिबंधकार. जन्म रायगड जिल्ह्यातील अलिबागनजीकच्या नागाव येथे. प्रसिद्ध शिल्पकार वि. पां. करमरकर हे त्यांचे नातलग. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून १९५९ मध्ये पदविका घेतल्यावर १९६१ साली ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. हातमागाच्या कापडासाठी नवे आकृतिबंध तयार करण्याकरिता १९५६ पासून स्थापन झालेल्या या केंद्रांत पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने अनेक तरुण चित्रकारांना काम मिळाले. बरवे यांची आरंभीची वर्षे वाराणसी केंद्रात गेली. तेथे तंत्रमार्गी प्रतिमांशी त्यांचा परिचय झाला व त्यांचा ठसा त्या काळातील चित्रांवर उमटला. पुढे मुंबईस येऊन सुमारे वीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी ही नोकरी सोडली.

या नोकरीकडे केवळ चरितार्थाचे साधन म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो बरोबर वाटत नाही. कापड घडी घातले जाते, कापले जाते, अंगाभोवती लपेटले जाते; त्यामुळे त्यावरील आकृती कोठूनही पाहिली तरी तग धरणारी असावी लागते. तिला छायाप्रकाशाचा किंवा यथादर्शनाचा आधार घेता येत नाही. बाह्यरेषा आणि दोन आकृत्यांमधील मोकळी जागा यांवरच सारी भिस्त असते. बरवे यांच्या प्रौढ चित्रांतील पान, घड्याळ, सफरचंद, शंख या वस्तू अशाच सपाट, रेखीव आणि एकमेकींपासून सुट्या आहेत. तैलरंगांऐवजी त्यांनी वापरलेल्या एनॅमल रंगांमुळे कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा मागमूस राहत नाही व पृष्ठभाग एकसंध दिसतो. हे साम्य मात्र एका मर्यादेपर्यंतच खरे. वस्त्रात आकृती पुनःपुन्हा येऊन जागा भरून काढते; बरवे यांच्या चित्रात ती बहुधा एकदाच येते आणि भोवतीचे रितेपण अधिक जाणवते. व्यवसायातून मिळालेली शिस्त त्यांनी अशी उलटी वापरली. त्यांच्या काही चित्रांत वस्तूंची मांडणी कोड्यासारखी होऊन भावनेचा ओलावा कमी पडतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि ती थंड अलिप्तता त्यांनी जाणीवपूर्वक पत्करलेली होती.

हातमागाच्या कापडावर आकृतिबंधकाराचे नाव सहसा येत नाही. साहजिकच बरवे यांच्या दोन दशकांच्या वस्त्रकामाचे मूल्यमापन चित्रांच्या मानाने फारच थोडे झाले आहे आणि समीक्षकांनी त्यांच्या कामगिरीचा तो भाग जवळजवळ वगळूनच त्यांचे स्थान ठरविले.

ललित कला अकादेमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना १९७६ मध्ये मिळाला. आपल्या दैनंदिनींत ते चित्रविषयक विचार नियमितपणे टिपून ठेवीत. कोरा कॅनव्हास (१९९०) या ग्रंथात त्यांचे हे चिंतन आढळते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविण्यात आले.