न घडलेल्याचे कथन : मध्यस्थ, तंटा आणि कथनरूप

संघर्ष हा नाट्याचा प्राण होय, हे विधान मराठी समीक्षेत इतक्या वेळा आले आहे, की ते सिद्धान्त म्हणून न वावरता सवय म्हणून वावरते. ब्रुनेतिएरचा इच्छासंघर्षाचा विचार पाठ्यपुस्तकांच्या वाटेने येथे पोहोचला. तो नाटकापुरता राहिला नाही. कथा-कादंबरीच्या परीक्षणातही 'संघर्ष पुरेसा उभा राहत नाही' हा शेरा दोषदर्शक म्हणून रूढ झाला. या सवयीचा एक परिणाम मात्र फारसा तपासला गेलेला नाही. ज्याचे कामच संघर्ष उभा राहू न देणे हे आहे, त्या माणसाला साहित्यात जागा कोणती? तंटा मिटवणारा, समेट घडवून आणणारा, दोन घरांमध्ये किंवा दोन मोहल्ल्यांमध्ये निरोपांची ने-आण करणारा माणूस कथेत आलाच, तर बहुधा दुय्यम पात्र म्हणून येतो. त्याचे प्रयत्न फसले तरच तो नाट्यदृष्ट्या उपयोगी ठरतो. उद्योगपर्वातील कृष्णाची शिष्टाई पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, ती निष्फळ झाली म्हणून. दुर्योधनाने पाच गावे दिली असती तर पुढची पर्वे उरली नसती.

म्हणजे अडचण पात्रचित्रणाची नसून कथनरूपाची आहे. मध्यस्थ यशस्वी झाला की काही घडत नाही, आणि कथनाला तर घडलेले हवे असते.

या पेचाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ललित साहित्याबाहेर सापडते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर 1970 आणि 1984 या दोन वर्षांतील दंगलींमुळे सर्वत्र माहीत झाले. 1988 पासून तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. हिंदू व मुसलमान रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, आणि गल्लीतले किरकोळ तंटे तेथेच ऐकले जाऊ लागले. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. या अनुभवावर खोपडे यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षक 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. या शीर्षकाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या वाट्याला पूर्ण क्रियापद आले आहे. भिवंडीच्या वाट्याला फक्त नकार. भिवंडीत जे झाले त्याला स्वतःचे क्रियापद नाही. ते मुंबईच्या क्रियापदावर उभे राहून, त्याला नाकारूनच सांगता येते.

जेराल्ड प्रिन्स या कथनमीमांसकाने 1988 मध्ये अशा मजकुराकडे लक्ष वेधले होते : संहितेत उल्लेख असतो, पण संहितेच्या जगात जे घडत नाही, असा मजकूर. त्याला मराठीत 'नकार-कथित' म्हणता येईल. त्याआधी, 1972 मध्ये, विल्यम लबॉव्हने तोंडी हकीकतींचे विश्लेषण करताना दाखवले होते, की निवेदक नकारार्थी वाक्ये उगाच वापरत नाही. जे झाले त्याची जे होऊ शकले असते त्याच्याशी तुलना करून तो हकीकतीला अर्थ देतो. दोघांच्याही विवेचनात नकार हा मुख्य कथनाला जोड म्हणून येतो. मध्यस्थाच्या कथनात तोच मुख्य आशय असतो. येथे कथनमीमांसेची उपलब्ध अवजारे थोडी तोकडी पडतात, हे मान्य केले पाहिजे.

दस्तऐवजांतही हीच विषमता दिसते. 1970 च्या भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आहे. मुंबईच्या दंगलींवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा 1998 चा अहवाल आहे. त्यांत साक्षी आहेत, वेळा आहेत, रस्त्यांची नावे आहेत. शांततेसाठी आयोग नेमला जात नाही. समितीच्या बैठकीत कोणी कोणाला काय समजावले, कोणता शब्द मागे घेतला गेला, कोणती अफवा चहाच्या टपरीवर विरली, याची साक्ष घेणारी यंत्रणा नाही. आणि तशी साहित्यविधाही मराठीत जवळजवळ नाही.

प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' (1916) ही या विषयाची आदिकथा मानली जाते. तिचा शालेय वाचनातला बोध बाजूला ठेवून रचना पाहिली, तर ती मध्यस्थाची कथा नाही हे ध्यानात येते. जुम्मन शेख आपल्या वृद्ध मावशीची मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घेतो व मग तिला नीट सांभाळत नाही. पंचायत बसते, मावशी जुम्मनच्याच जिवलग मित्राला, अलगू चौधरीला, सरपंच नेमते, अलगू मैत्री बाजूस सारून मावशीच्या बाजूने निकाल देतो. पुढे समझू साहूला विकलेल्या बैलाच्या तंट्यात जुम्मन सरपंच होतो आणि अलगूला न्याय देतो. दोन्ही ठिकाणी निकाल लागतो, आणि एक पक्ष हरतो. कथेची सममिती निकालामुळे सिद्ध होते. निवाडा ही घटना आहे, म्हणून ती सांगता येते.

त्या कथेत मध्यस्थीला जवळचे असे जे काही आहे ते पंचायतीपूर्वी आहे. वृद्ध मावशी काठी टेकत आसपासच्या गावांतून हिंडते, दाराशी जाऊन आपले गाऱ्हाणे सांगते. कोणी सहानुभूती दाखवतो, कोणी थट्टा करतो. प्रेमचंद हा भाग झपाट्याने उरकतात. पण तंटा सार्वजनिक होतो तो येथे. घरातले दुःख प्रथमच लोकांसमोर सांगण्याजोगी हकीकत बनते, आणि हे काम कोणी पंच नव्हे, तर फिर्यादी बाईच करते.

सांगण्याच्या या श्रमाची खूण भाषेने जपली आहे. गुजरातेतील रंगपूर येथे हरिवल्लभ परीख यांनी 1949 मध्ये आनंद निकेतन आश्रम स्थापन केला व तेथे आदिवासींसाठी लोकअदालत चालवली. तेथे येणाऱ्या तंट्यांत वैवाहिक तंट्यांचे प्रमाण मोठे होते. विधिज्ञ उपेन्द्र बक्षी यांनी 1976 मध्ये या अदालतीवर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात 'तकरारीपासून करारापर्यंत' असा प्रवास सुचवला आहे. मराठी कानाला 'तक्रार' आणि 'करार' हे शब्द भावंडांसारखे वाटतात. अरबीत त्यांचे धातू वेगळे आहेत. तक्रार म्हणजे मुळात पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा म्हणणे. करार म्हणजे स्थिरावणे, ठरणे. हा निव्वळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. तंट्यातला माणूस एकच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ती ऐकली गेली असे त्याला वाटत नाही. मध्यस्थ ती थांबवत नाही. तिला श्रोता देऊन तो तिची पुनरावृत्ती अनावश्यक करतो.

'राजीनामा' या शब्दाचे नशीब याहून उद्बोधक आहे. मराठेशाहीतील न्यायव्यवहारात, वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, वादी-प्रतिवादी सुनावणीपूर्वी राजीनामा लिहून देत : पंचांचा निर्णय आम्हास मान्य राहील, आम्ही राजी आहोत, असा. आज राजीनामा म्हणजे पद सोडणे. संमतीचा कागद माघारीचा कागद झाला. निर्णयानंतर हरलेल्या पक्षाकडून 'यजितखत' लिहून घेतले जाई. त्यात त्याने आपला दावा खोटा असल्याचे स्वतःच्या नावाने कबूल करायचे असे. साहित्यसमीक्षकाने या कागदापाशी अधिक रेंगाळायला हवे. प्रथमपुरुषी निवेदन, पण निवेदक त्याचा कर्ता नाही; मजकूर सभेचा, नाव हरलेल्याचे. आत्मकथनाच्या सत्यतेविषयी मराठीत पुष्कळ चर्चा झाली. यजितखत हे आत्मकथनाचे उलटे रूप तिच्या कक्षेत क्वचितच आले.

मग मध्यस्थ स्वतः कोठे उभा असतो? रूढ उत्तर 'तटस्थ' असे आहे. परंतु गीतेच्या सहाव्या अध्यायात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे दोन शब्द एकाच यादीत शेजारी शेजारी येतात, आणि शंकराचार्यांचे भाष्य त्यांत स्पष्ट भेद करते : उदासीन कोणाचाच पक्ष घेत नाही, तर मध्यस्थ परस्परविरोधी अशा दोघांचेही हित इच्छितो. हा भेद आधुनिक व्यवहारात पुसला गेला आहे. सारा कॉब आणि जॅनेट रिफ्किन यांनी 1991 मध्ये अमेरिकेतील मध्यस्थीच्या बैठकींचा अभ्यास करून तटस्थतेच्या कल्पनेवर जो आक्षेप घेतला, तो नेमका येथे लागू पडतो. बैठकीत जो पक्ष प्रथम बोलतो, त्याची हकीकत चर्चेची चौकट ठरवते. दुसऱ्याला आपली हकीकत सांगण्याऐवजी पहिलीला उत्तर देत बसावे लागते. उदासीन मध्यस्थ या क्रमात हस्तक्षेप करीत नाही, म्हणून नकळत पहिल्याचा सहनिवेदक होतो. दोघांचे हित इच्छिणाऱ्याला मात्र दुसरी हकीकत तिच्या स्वतःच्या आरंभापासून सुरू करून द्यावी लागते. ही कृती कथनाची आहे.

या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) पुन्हा वाचण्याजोगी ठरते. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर हा तिचा निवेदक. तिला रूढ अर्थाने कथानक नाही, हे तिच्या गुणवर्णनात आणि दोषवर्णनातही सांगितले गेले. पण कथानकाचा हा अभाव मास्तरच्या कामाशी निगडित आहे. तो शिकवायला आला आहे; लवकरच वाडी त्याच्याकडे आपली कामे, पत्रे, गाऱ्हाणी घेऊन येऊ लागते. प्रत्येक प्रसंग पेटण्याच्या बेतात येतो आणि बहुधा विझतो. विझलेल्या प्रसंगांतून उत्कर्षबिंदू तयार होत नाही. तयार होते ती वाडी. माडगूळकरांची वाक्ये आखूड, निवेदन खालच्या पट्टीतले. मास्तर ऐकतो, पाहतो, क्वचितच मत देतो. निवेदकाचा स्वर आणि मध्यस्थाचा स्वर येथे एकरूप झाले आहेत, आणि मराठी कादंबरीत हे विरळा आहे.

मास्तरची सत्ता मात्र उसनी आहे. म्हातारा कारभारी पाठीशी आहे म्हणून त्याचा शब्द चालतो. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येते तेव्हा मास्तरपाशी स्वतःचे असे काहीच उरत नाही; सर्वांचे ऐकणाऱ्याचे ऐकायला कोणी नसते. वाडीने श्रमदानातून तालीम बांधली, राजेसाहेब येऊन गेले, हे मास्तरच्या कामाचे दृश्य फळ. नंतर दुष्काळ पडतो. वाडी उठून जाते. हा शेवट नियतिवादी मानण्याची प्रथा आहे, तरी त्याचा आणखी एक अन्वयार्थ संभवतो. दुष्काळात दुसरा पक्ष नाही. ज्याच्याशी बोलणी करता येतील असे समोर कोणी नाही. मध्यस्थाचे कौशल्य दोन बोलणाऱ्या माणसांवर अवलंबून असते, आणि वाडीवर आलेले संकट बोलत नाही. त्या पानांतली मास्तरची हतबलता म्हणून अधिक खोल आहे.

'बनगरवाडी'त एक गोष्ट मात्र निसटते, आणि ती केवळ माडगूळकरांची मर्यादा नाही. अंजी स्वतः काय म्हणाली असती? चोळीचा प्रसंग कारभारी आणि मास्तर यांच्यातील गैरसमज म्हणून सांगितला जातो. जिच्यावरून तो झाला, तिची हकीकत कोणी मागत नाही. समेट होतो तेव्हा तो कोणाच्या मौनावर होतो, हा प्रश्न मध्यस्थाच्या प्रत्येक संहितेला विचारावा लागेल. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) मध्ये खेळ म्हणून सर्वसंमतीने मांडलेले न्यायालय बेणारेवर उलटते, आणि तिचे दीर्घ स्वगत सुरू होते तेव्हा बाकीची पात्रे थिजलेली असतात. प्रेक्षक ऐकतो, सभा ऐकत नाही. ते न्यायालय आहे, मध्यस्थी नव्हे, ही सबब पुरेशी नाही, कारण गावकीच्या समेटातही बाईचे ऐकणारे बहुधा असेच थिजलेले असतात. लॉरा नेडर यांनी मेक्सिकोतील झापोटेक गावाच्या 1990 च्या अभ्यासात सलोखा हीच एक विचारप्रणाली असू शकते, तिने गाव बाहेरच्या सत्तेपासून वाचते आणि आतल्या दुबळ्यांवर नियंत्रणही राहते, असे दाखवले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे हे त्या विवेचनाचे मर्म.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने मध्यस्थीला शासकीय रूप दिले. गावांना गुण मिळू लागले, पारितोषिके मिळू लागली. मिटलेला तंटा नोंदवहीतला आकडा झाला. मोहिमेचे सामाजिक मोल काय, हा वेगळा प्रश्न. कथनाच्या अंगाने पाहता आकड्याला दुसरी हकीकत नसते, आणि 'तंटामुक्त' या विशेषणात तंटा सांगू पाहणाऱ्याला गावाची अडचण ठरवण्याची शक्यता दडलेली असते.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तीन मध्यस्थांचे मंडळ, पक्षांची पूर्वसंमती आणि समझोता झाल्यास लेखी कागद, त्यावर पक्षांच्या सह्या, अशी ती योजना. हा समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येणार नाही, असेही कायदा सांगतो. त्याच्यामागे जप्ती नाही, बेलिफ नाही. यजितखतामागे सभेचा आणि सरकारचा दाब होता, म्हणून हरलेल्याच्या तोंडी वाटेल तो मजकूर घालता येत असे. नव्या कागदाला तो आधार नाही. तो पाळला जाईल तर सही करणाऱ्या दोघांना त्यातली वाक्ये आपली वाटली म्हणून. आणि ती वाक्ये कोणाच्या बोलीत लिहिली जातात, कोणाच्या हकीकतीपासून सुरू होतात आणि ती लिहिताना अंजी खोलीत असते की नाही, हे कायद्याच्या कलमांत नव्हे, त्या कागदांच्याच वाचनातून शोधावे लागेल.