पाच मनोऱ्यांची नगरी

परक्या भाषेतली काही नावे ऐकताच ओळखीची वाटतात. अहमद फुआदी या इंडोनेशियन लेखकाच्या 'नगरी लिमा मनारा' या कादंबरीचे नाव असेच आहे. 'नगरी' हा शब्द संस्कृतातून समुद्रापार गेलेला, 'मनारा' हा अरबीतून तिकडे पोचलेला, आणि तोच आपल्याकडे 'मनोरा' होऊन नांदतो आहे. मधला 'लिमा' म्हणजे पाच, एवढे कळले की नाव उलगडते. २००९ साली निघालेल्या या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २०११ साली झाले, २०१२ साली तिच्यावर बोलपटही आला. मी ती इंग्रजीतून वाचली.

कादंबरीचा विषय आहे जावा बेटातील एक 'पेसांत्रेन', म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाची निवासी शाळा. तिथल्या विद्यार्थ्याला 'सांत्री' म्हणतात, आणि हा शब्द मूळचा आपला 'शास्त्री' असावा असे काही पंडितांचे मत आहे. फुआदी स्वतः पूर्व जावातील गोन्तोर येथे अशाच शाळेत शिकले. १९२६ साली तीन भावांनी ती नव्या वळणावर उभी केली. कादंबरीतली 'पोंडोक मदानी' तिच्यावरूनच बेतलेली आहे.

नायक अलिफ हा पश्चिम सुमात्रातल्या मनिंजाऊ सरोवराकाठचा हुशार मुलगा. त्याला सरकारी हायस्कुलात जायचे आहे, मग बांडुंगच्या तंत्रविद्यालयात. पण आईचा हट्ट निराळा. ती स्वतः शिक्षिका. तिचे म्हणणे असे की, लोक हुशार मुले सरकारी शाळांना देतात आणि उरलीसुरली धर्मशाळांना; मग समाजाला शहाणे धर्मशिक्षक मिळायचे कुठून? रागावलेला मुलगा खोलीत कोंडून घेतो आणि शेवटी मनाविरुद्ध दूरच्या जावाला जातो. आईच्या या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. ज्या शाळेत समाज आपली नावडती मुले पाठवतो, त्या शाळेतल्या मुलाकडे तो नंतर कोणत्या नजरेने पाहणार, हे सांगायला नको.

शाळेचे चित्रण हा कादंबरीचा सर्वांत सरस भाग. घंटेच्या ठोक्यावर चालणारा दिवस, उशीर झाला की कान धरून होणारी शिक्षा, मातृभाषेला बंदी करून अरबी-इंग्रजीतच बोलण्याचा दंडक, आणि शिक्षा झालेल्या मुलालाच इतरांवर हेर म्हणून नेमण्याची पद्धत. लेखक हे सगळे हसत हसत सांगतो. मला मात्र त्या हसण्याखाली एक बोच जाणवली. सवंगड्यांवर पाळत ठेवायला शिकवणारी शिस्त मुलाला काय शिकवते, हा प्रश्न लेखक विचारीत नाही.

बाहेरचे जग आत येते ते पत्रांतून. अलिफचा मित्र रान्दाई हायस्कुलात गेला आहे. पुढे तो बांडुंगलाही पोचतो. त्याचे प्रत्येक पत्र आनंदाचे, आणि प्रत्येक पत्राने अलिफ खचतो. कारण शाळेच्या दाखल्याला सरकारदरबारी किंमत नाही. विद्यापीठाची पायरी चढायची तर बाहेरून समकक्ष परीक्षा द्यावी लागणार. मॅट्रिकच्या दाखल्यावर मास्तरकी करणाऱ्या माझ्यासारख्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. मुलगा दोन भाषा बोलतो, पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतो, तरी कचेरीतल्या कारकुनाच्या लेखी तो अशिक्षितच! ही गोष्ट गेल्या शतकाच्या शेवटच्या काळातली. पुढे स्थिती सुधारली. २०१९ साली तर इंडोनेशियात पेसांत्रेनांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. पण कायद्याने दाखला मिळतो, नजर बदलतेच असे नाही.

आता माझी तक्रार. 'जो झटतो त्याला मिळते' या अर्थाच्या अरबी वचनावर सारी कादंबरी उभी आहे. मुलांना ते वचन हवेच. पण कादंबरीचाच एक मुलगा त्याला खोटे पाडतो. गोवा प्रांतातला नव्हे, सुलावेसीतल्या गोवा गावाकडचा बासो हा सहा मित्रांत सर्वांत अभ्यासू. त्याच्याइतके झटणारे कोणी नाही. तरी आजारी आजीसाठी त्यालाच शाळा अर्धवट सोडावी लागते. इथे कष्ट कमी पडले नाहीत, माणसे आणि पैसा कमी पडला. लेखक या प्रसंगी थबकतो, आपल्यालाही गलबलून येते. पण पुढे बासोला मक्केत शिकायला मिळते आणि वचन पुन्हा खरे ठरते. ही घाई मला पटली नाही.

दुसरे असे की, शेवटी मित्र भेटतात लंडनमध्ये. अलिफ वॉशिंग्टनहून येतो, एक कैरोहून, एक तिथलाच झालेला. सईद आणि दुलमजिद यांनी मात्र मायदेशी सुराबायात नवी शाळा काढली आहे, आणि त्यांच्या वाट्याला आल्या आहेत जेमतेम काही ओळी. आईने जे मागितले होते ते खरे तर या दोघांनी केले. अलिफने जग जिंकले; आईचा प्रश्न त्यांनी सोडवला. त्यांची कादंबरी अजून लिहायची राहिली आहे.

तरीही हे पुस्तक घरातल्या मोठ्या मुलांच्या हाती अवश्य द्यावे. भिंतीआड शिकणारी मुले म्हणजे आपल्याला एक गठ्ठा दिसतो. फुआदींनी त्या गठ्ठ्यातून सहा मुले नावानिशी वेगळी काढून समोर उभी केली, आणि हे काम थोर आहे. वाचून झाल्यावर आईवडिलांनी मात्र त्या आईचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे: आपल्या गावातली उरलीसुरली मुले आपण कोणत्या शाळेत पाठवतो?