बंदिवासातील पत्रे आणि त्यांची उत्तरे

पत्र हा मुळात दोघांचा वाङ्मयप्रकार आहे. एकाने लिहावे, दुसऱ्याने उत्तर धाडावे, आणि त्या देवघेवीतून दोघांचाही स्वभाव उमटावा, अशी त्याची रीत. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मात्र आरंभापासूनच एक तिसरा वाचक हजर असतो, आणि तो म्हणजे तुरुंगाचा अधिकारी. पत्र केव्हा लिहावे, किती लांब लिहावे, कोणास व कशाविषयी लिहावे हे तोच ठरवितो, आणि घरच्या माणसाच्या आधी तोच ते वाचतो. अशा पत्रांस सामान्य पत्रांचे माप लावून चालत नाही. तरीही आपली टीका त्यांना पुष्कळदा निबंधाच्या मापाने मोजते. त्यांतून विचार व बाणा तेवढा वेचून घेते, आणि बाकीचा भाग घरगुती मजकूर म्हणून बाजूस सारते. आमच्या मते या पत्रांचा प्राण त्या बाजूस सारलेल्या मजकुरातच आहे.

पुणेकर वाचकास हा विषय दूरचा नाही. खराडीहून नगर रस्त्याने शहराकडे येऊ लागले म्हणजे अवघ्या काही मैलांच्या टापूत आगाखान राजवाडा आणि येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह ही दोन्ही स्थळे येतात. 1930 साली येरवड्यातून महात्मा गांधी आश्रमवासीयांस दर मंगळवारी व्रतविषयक पत्र पाठवीत, आणि पुढे त्या पत्रांचे ‘मंगलप्रभात’ हे पुस्तक झाले. उलट 1942 साली आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असता, पत्रे केवळ आप्तांस व केवळ खासगी विषयांवरच लिहावी अशी अट सरकारने घातली, तेव्हा त्यांनी ती सवलतच नाकारली. ज्याने आपल्या कुटुंबाची मर्यादा रक्ताच्या नात्यापाशी ठेवली नव्हती, त्याला ती अट मान्य होणे शक्य नव्हते. एकाच मनुष्याचा एका वेळचा पत्रांचा ओघ आणि दुसऱ्या वेळचे हे मौन ही दोन्ही जवळ जवळ ठेवून वाचली पाहिजेत. नियमाची चौकट ध्यानात घेतल्यावाचून ना पत्राचा अर्थ लागतो, ना मौनाचा.

चौकट जितकी आवळलेली, तितका घरगुती मजकूर मोलाचा होतो, याचे उदाहरण सावरकरांच्या अंदमानातील पत्रांत सापडते. वर्षाकाठी एक पत्र एवढीच त्यांना मुभा होती. धाकटे बंधू नारायणराव यांस लिहिलेल्या या पत्रांत राजकारणाचे व समाजाचे विचार आहेत खरे. पण भावाचे वैद्यकीचे शिक्षण कोठवर आले, घरी कोण कसे आहे, याची चौकशीही तितक्याच आस्थेने केलेली आहे. बारा महिन्यांचा संसार एका पत्रात मावत नाही, म्हणून प्रत्येक माणसाच्या वाट्यास एखादे वाक्य येते. त्या एका वाक्यासाठी वर्षभर थांबलेले घर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्याचे वजन वाचकास कळणार नाही.

लोकमान्यांची मंडालेहून आलेली पत्रेही अशीच वाचावयास हवीत. 1908 ते 1914 या सहा वर्षांच्या बंदिवासात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाचे धोंडोपंत विद्वांस यांस लिहिलेल्या पत्रांत पुस्तकांची मागणी, कोर्टातील कामे, प्रकृती आणि मुलांचा अभ्यास हेच विषय पुनःपुन्हा येतात. जून 1912 मध्ये सत्यभामाबाई वारल्या. ते वृत्त कळल्यावर लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख थोडक्यात सांगितले आहे. अखेरच्या वेळी जवळ नसल्याचा सल त्यात आहे, आणि लगेच मुलांच्या शिक्षणाविषयी सूचना आहेत. हा संयम केवळ स्थितप्रज्ञाचा आहे असे म्हणून थांबणे सोपे आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला घरी जाता येत नाही, त्याला घराची व्यवस्था लावणे हाच शोक करण्याचा एक मार्ग उरतो.

आता ज्या ग्रंथांतून आपण ही पत्रे वाचतो, त्यांत उत्तरे नाहीत. 1910 साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगातून सावरकरांनी ‘माझे मृत्युपत्र’ ही कविता आपल्या येसूवहिनीस उद्देशून लिहिली. त्या वेळी वहिनीचे पती बाबाराव जन्मठेपेवर होते. कवितेचे रसग्रहण पुष्कळ झाले. पण ती जिच्या हाती पडावयाची होती, तिने ती कशी वाचली, हा प्रश्न रसग्रहणात क्वचितच येतो. 1919 साली नारायणराव व माई अंदमानास भेटीस जाऊ शकले. येसूवहिनी त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या.

उत्तरे हाती आली म्हणजे काय घडते, हे इटलीतील एका उदाहरणावरून दिसून येईल. 1926 साली पकडलेल्या अंतोनियो ग्राम्शीची तुरुंगातील पत्रे 1947 मध्ये प्रसिद्ध झाली आणि श्रेष्ठ वाङ्मय म्हणून गौरविली गेली. त्यांपैकी बरीचशी त्याची मेहुणी तातियाना हिला लिहिलेली आहेत. न मागितलेल्या वस्तू पाठविल्याबद्दल तो तिच्यावर वारंवार रागावतो. निव्वळ त्याची पत्रे वाचणाऱ्यास ही बाई भाबडी व हट्टी वाटावी. 1997 साली दोघांचा पत्रव्यवहार एकत्र छापला गेला, आणि त्यावरून बाहेरच्या माणसाने काय सोसले तेही दिसू लागले. ग्राम्शीची थोरवी त्याने कमी झाली नाही. पण त्याचा राग आता दोघांच्या व्यथेतला एक स्वर म्हणून ऐकू येतो.

यावर कोणी म्हणेल की, बाहेरच्यांच्या पत्रांत आजारपण, लग्नकार्य आणि पैशाची ओढाताण यांवाचून काय असणार? आमचे उत्तर असे की, कैदी नेमके तेच मागत होता. मोठ्या विचारांसाठी त्याला ग्रंथ होते, एकांतही होता. आपल्यावाचून घर कसे चालले आहे, ही एकच गोष्ट त्याला दुसऱ्याकडून मिळावयाची होती.

हा प्रश्न थोरांपुरता नाही. आजही येरवड्याच्या फाटकाशी मुलाखतीसाठी माणसे ताटकळतात. दूरध्वनीची सोय झाली आहे, पडद्यावरील ई-मुलाकात आहे, मुलांना जवळ घेता यावे म्हणून ‘गळाभेट’ही घडविली जाते. या सोयी स्वागतार्ह आहेत. पत्राची वाट पाहण्याचा काच पुन्हा कोणाच्या वाट्यास यावा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु आवाज हवेत विरतो आणि पत्र मागे राहते. म्हणून ज्या घरांत अशी जुनी पत्रे ट्रंकेच्या तळाशी पडून असतील, त्यांनी आलेल्या पत्रांबरोबर गेलेल्या पत्रांचे कच्चे खर्डेही जपून ठेवावेत, आणि संपादकांनी ते मागून घ्यावेत. तोवर आपले तुरुंगातील पत्रवाङ्मय निम्मेच राहील, आणि त्यावरील टीकाही निम्मीच.