टेबल, मित्र आणि बिल : तालुक्याच्या हॉटेलाची समीक्षा कशी करायची?

विषयाचं नाव ऐकून काही जणांना वाटलं असेल की आज कुठल्या गावात काय चांगलं मिळतं याची यादी मिळणार. तशी यादी माझ्याकडे नाही. मला बोलायचंय ते तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावातल्या साध्या हॉटेलाबद्दल, जिथे चार मित्र सहज म्हणून जाऊन बसतात. आणि त्याहून जास्त, अशा हॉटेलाबद्दल आपण मराठीत जे बोलतो आणि लिहितो त्याबद्दल. ते बोलणं मला अपुरं वाटतं. का, ते सांगतो.

आधी शब्द बघू. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. मराठीत हॉटेल म्हणजे खाण्याची जागा. मुक्कामाला आपण लॉज म्हणतो. जेवायचं असेल तर खानावळ, मेस. म्हणजे पोट भरायला खानावळ आणि बसायला हॉटेल, अशी विभागणी आपल्या भाषेनं केव्हाच करून ठेवली आहे. घरी जेवण असताना माणूस हॉटेलात जातो तो भूक लागली म्हणून जातोच असं नाही. तो कुणाबरोबर तरी बसायला जातो. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा एवढाच आहे.

आता आपली खाद्यसमीक्षा काय करते? तिच्याकडे तीन मापं आहेत. पहिलं चव. दुसरं जुनेपणा, म्हणजे 'तीन पिढ्यांपासून तोच मसाला'. तिसरं गर्दी, रविवारी रांग किती लांब लागते ते. पु. ल. देशपांड्यांनी 'माझे खाद्य-जीवन' लिहिलं तेव्हा खाण्यावर प्रसन्नपणे लिहिता येतं हे मराठी वाचकाला कळलं. ते मोठंच काम होतं. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी प्रसन्नता तेवढी उचलली आणि निरीक्षण सोडून दिलं. आज मोबाईलवर जे व्हिडिओ दिसतात त्यात रस्सा उकळतो, तर्री हलते, बोलणारा डोळे मिटून 'अहाहा' म्हणतो. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, किती वेळ बसलंय, त्याला उठवलं का, हे त्या चित्रात येतच नाही.

आपल्या कादंबरीनं मात्र हे पाहिलं होतं. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची. खेड्यातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर तिथे मेसच्या कारभारात कसा अडकतो ते आठवा. मित्रांनी एकत्र खाणं, त्याचा हिशोब, तो हिशोब कुणाच्या अंगावर येतो, हे सगळं तिथे आहे. कादंबरीला जे दिसलं ते समीक्षेला साठ वर्षांनंतरही दिसू नये?

एक नेहमीचं हॉटेल घेऊ. एसटी स्टँडसमोरचं. तालुक्याच्या कॉलेजात येणारी बरीच मुलं आसपासच्या गावांतून एसटीनं येतात. कॉलेज दुपारी सुटतं. गावाकडची गाडी तीन-साडेतीनला, कधी पाचला. मधला वेळ कुठे काढायचा? वाचनालय असलं तर बंद. स्टँडवर पंखा नाही. मग चार मुलं समोरच्या हॉटेलात शिरतात आणि दोन चहा चौघांत सांगतात. जरा सुखाचा दिवस असेल तर एक मिसळ आणि जादा पाव. रस्सा पुन्हा मागायचा. कुठे त्याला कट म्हणतात, कुठे सँपल, विदर्भात तर्री. तो पुन्हा मिळतो म्हणून एका प्लेटीवर दोघांचं भागतं. मग कॉन्ट्री निघते. ज्याच्याकडे नाहीत त्याचे दुसरा भरतो आणि त्याची आठवण करून देत नाही. हिशोब चोख ठेवायचा असेल तर टीटीएमएम, तू तुझं मी माझं. हा शब्द मुलांनीच तयार केला. कॉन्ट्री आणि टीटीएमएम या दोन शब्दांमध्ये मैत्रीचे दोन वेगळे करार आहेत, हे लक्षात घ्या. कॉन्ट्रीत ज्याच्याकडे कमी तो कमी देतो. टीटीएमएममध्ये ज्याच्याकडे नाही तो येतच नाही, 'आज काम आहे' म्हणतो.

आता मालकाची बाजू. ती खरी आहे. चार खुर्च्यांचं टेबल दोन चहांवर तासभर अडलं तर गॅस, भाडं, पगार कुठून काढायचा? म्हणून तो मध्येच फडकं मारून जातो, पंखा बंद करतो, 'आणखी काय देऊ?' विचारतो. हा त्याचा सभ्य मार्ग. पण गेल्या काही वर्षांत त्याला दुसरा मार्ग सापडलाय. खुर्च्याच काढून टाकायच्या. अमृततुल्य हा शब्द घ्या. पुण्यातल्या जुन्या अमृततुल्यांत बाकं होती. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ती चालवली. आज तालुक्या-तालुक्यात त्याच शब्दाच्या रंगीत पाट्या लागल्यात. तिथे कागदी कप आणि उंच टेबल, बसायला काही नाही. चहा वाईट नसतो. चवीच्या मापानं कदाचित पहिल्या हॉटेलाहून बराच. पण साडेतीनच्या गाडीपर्यंतचा वेळ तिथे काढता येत नाही. आपल्या समीक्षेला हा फरक मोजताच येत नाही, कारण तिच्याकडे 'बसणं' हे माप नाही.

तुम्ही म्हणाल, बसण्याचं एवढं काय? म्हणून थोडं मागे जाऊ.

कोल्हापूरची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. दरबारात चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांच्या मदतीनं त्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. या प्रसंगात चहा कसा होता हे कुणीच सांगत नाही. सांगण्यासारखी गोष्ट एकच, कोण कुणाकडे बसून प्यायलं.

आणि हे राजाच्या मर्जीवर राहू नये म्हणून ते संविधानात आलं. अनुच्छेद १५चा दुसरा भाग काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ एखाद्या कारणावरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला कुणालाही मज्जाव करता येणार नाही आणि कुठली अटही घालता येणार नाही. २६ जानेवारी १९५०पासून हे लागू आहे. जगातल्या एका मोठ्या देशाच्या संविधानात हॉटेलाचा स्पष्ट उल्लेख आहे, तो ज्यांनी लिहिला त्यांना हॉटेलाच्या दारात काय होतं हे माहीत होतं म्हणून. त्यानंतरही गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर वेगळी कपबशी राहिली. ती खिळ्याला अडकवलेली असायची, प्यायल्यावर ज्याची त्यानं धुऊन ठेवायची. कायद्यानं दार उघडलं, तरी टेबलापर्यंत पोचायला पुढची कितीतरी वर्षं आणि चळवळी लागल्या.

म्हणून तालुक्याच्या हॉटेलातलं ते चौघांचं टेबल मला मोलाचं वाटतं. आडनाव न विचारता चार मुलं एका प्लेटीत हात घालतात. घरी हे होईलच असं नाही. दोघांच्या घरची माणसं एकमेकांकडे पाणीही पीत नसतील. हॉटेलात ते होतं, आणि त्याबद्दल कुणी भाषण न करता होतं.

पण या टेबलावर मुली कुठे आहेत?

अनुच्छेदातला 'लिंग' हा शब्द पुन्हा वाचा, आणि मग हॉटेलाची पाटी वाचा. 'फॅमिली रूम'. पूर्वी प्लायवुडचं पार्टिशन आणि मळका पडदा असायचा. आता एसी असतो, काचेचं दार असतं. तिचा भाऊबंद म्हणजे 'परमिट रूम'. हे नाव १९४९च्या दारूबंदी कायद्यातल्या परवान्यावरून आलं. म्हणजे गावातल्या हॉटेलाचे दोन भाग झाले. एकात परवाना काढलेले पुरुष आणि दुसऱ्यात कुटुंब. तीन मैत्रिणी दुपारी आल्या तर त्यांनी कुठे बसायचं? त्या पुरुषांच्या नाहीत आणि कुटुंबही नाहीत. बाहेर बसल्या तर सगळं हॉटेल वळून बघतं, आणि संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोचते. आत बसल्या तर पडद्याआड काय चाललंय म्हणून बातमी पोचते. मग त्या पार्सल घेतात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११चं. मुंबईतल्या बायकांबद्दल त्यांनी म्हटलं की बाईला सार्वजनिक जागेत यायचं तर काहीतरी काम आहे असं दाखवावं लागतं. बिनकामाचं रेंगाळणं हाही हक्क आहे. मुंबईत ही स्थिती, तर तालुक्याच्या गावाचं काय बोलायचं? १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. प्रवास सोपा झाला. उतरल्यावर बसायचं कुठे, याचं उत्तर एसटीनं द्यायचं नाहीये, ते गावानं आणि हॉटेलवाल्यानं द्यायचंय. माझ्या मते आज एखाद्या हॉटेलाची पहिली परीक्षा हीच. दुपारी तीन वाजता तीन मुली पुढच्या टेबलावर, पडदा न ओढता, एका प्लेट भज्यावर किती वेळ निवांत बसू शकतात? ते हॉटेल या परीक्षेत नापास असेल, तर रस्सा कितीही झणझणीत असू दे.

आता मेनूकार्ड. यावर मी थोडक्यात बोलतो, कारण यावर सगळेच बोलतात. तालुक्याच्या कुठल्याही 'गार्डन रेस्टॉरंट'चं कार्ड उघडा. पनीर टिक्का, काजू करी, व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूरची कीर्ती तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर, आणि तिच्या नावानं देशभर खपते ती लाल तिखट ग्रेव्हीतली मिक्स भाजी. यावर 'आपलं अस्सल हरवलं' म्हणून रडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. पनीर लोक मागतात कारण ते घरी होत नाही, आणि बाहेर जाऊन घरचंच कुणाला खायचंय? चौघांत एक शाकाहारी, एकाचा उपास, एकजण पैसे मोजतोय, अशा वेळी सगळ्यांना चालणारा पदार्थ म्हणून पनीरनं टेबल टिकवून धरलंय, हेही कबूल करायला हवं.

पण उलटी उदाहरणं आहेत, ती बघा. खानदेशातली शेवभाजी. साधी शेव आणि काळा रस्सा. धुळे-जळगावच्या ढाब्यांनी ती कार्डावर नुसती ठेवली नाही, तिला मुख्य केली. नागपूरचं सावजी हे विणकर हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरचं जेवण, ते आज विदर्भभर पाट्यांवर आहे. नाशकात मिसळ गावाबाहेर मळ्यात गेली. तिथे झाडं आहेत, झोपाळे आहेत, लोक पोराबाळांसकट आणि मित्रांसकट अर्धा दिवस काढतात. आणि तिथे बायकांचे घोळके दिसतात! बसण्याची जागा दिली की माणसं येतात, आणि धंदाही होतो. खुर्च्या काढणाऱ्यानं हे बघावं.

बसलं की बोलणं आलं. 'येथे राजकीय चर्चा करू नये' ही पाटी तुम्ही पाहिली असेल. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानं १६७५च्या डिसेंबरात लंडनची कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला होता, कारण लोक तिथे बसून राज्यकारभारावर बोलत. एवढी ओरड झाली की दिवस थोडे जायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. आपल्याकडे राजाची गरज लागत नाही. मालकच भांडण नको म्हणून पाटी लावतो. त्याला दोष देऊ नका, काच फुटली तर ती त्याची फुटते. पण जिथे चार तरुण एकत्र बसून कांद्याच्या भावाबद्दल बोलू शकत नाहीत, ते गाव पुढे बोलणार कुठे?

शेवटचा मुद्दा, जो आपण बहुतेक वेळा टाळतो. त्या टेबलावर फडकं कोण मारतं? एके काळी 'ए पोऱ्या' ही हाक म्हणजे हॉटेलाचा आवाजच होता. ढाबे आणि हॉटेलांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६पासून बंदी आली, आणि २०१६च्या दुरुस्तीनं ती जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. आठवणींचे लेख मात्र अजून त्या पोऱ्याबद्दल गहिवरून लिहिले जातात, तो कसा एका दमात दहा पदार्थ म्हणून दाखवायचा वगैरे. तो शाळेत का नव्हता, हे त्या लेखात नसतं. आज त्याच्या जागी बऱ्याचदा परप्रांतातून आलेला तरुण असतो. तो रात्री कुठे झोपतो? बहुतेकदा तिथेच, टेबलं जोडून. ज्या टेबलावर आपण मित्रांबरोबर सुखानं बसलो, त्याचा रात्रीचा उपयोग हा आहे. समीक्षकाला हे माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

तर मंडळी, यापुढे कुणी तुम्हाला विचारलं की तुमच्या गावातलं चांगलं हॉटेल कुठलं, तर चव जरूर सांगा. चव लागतेच. पण सोबत हेही सांगा की तिथे दोन चहावर किती वेळ बसू देतात, मुली पुढच्या टेबलावर बसतात का, कमी पैसेवाल्या मित्राला तिथे नेता येतं का, आणि वाढणाऱ्याला 'अहो' म्हणतात की 'ए'. या चार प्रश्नांची उत्तरं घेऊन आलात तर पुढच्या वेळी आपण ती यादीसुद्धा करू.

आता प्रश्न असतील तर घेऊ.