कपाटाची किल्ली कुणाकडे?

छत्रपती संभाजीनगरच्या बायजीपुऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये मुलांचे एक वाचनालय सुरू झाले. करोनाने शाळांना टाळे लावले होते आणि मुले मोबाइलला चिकटली होती. मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने आपल्याजवळची पुस्तके आसपासच्या मुलांसाठी खुली केली. तिचे वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी हे पुस्तकविक्रेते. त्यांच्या ‘रीड अँड लीड फाउंडेशन’ने हे काम वाढवले आणि पुढे शहरात अशी तीसहून अधिक मोहल्ला बालवाचनालये उभी राहिली. इथे उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तके एकत्र नांदतात आणि देवघेवीत मुलांचाच पुढाकार असतो.

या उपक्रमाचे मोल पुस्तकांच्या संख्येवरून ठरत नाही. पुस्तक मुलाच्या घराजवळ आले, हाताला लागेल इतके जवळ आले, ही त्याची खरी कमाई. गल्लीतल्या मित्राने काल नेलेले पुस्तक आज आपल्यालाही हवेसे वाटते. शिक्षकांच्या आग्रहाने जे होत नाही ते या चढाओढीने होते.

शाळांमध्ये चित्र वेगळे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक ठरवले आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टीची पुस्तकेही असावीत असे म्हटले. पुस्तके आलीही. पण अनेक शाळांत ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात. पुस्तक हरवले किंवा फाटले तर भरपाई कुणी करायची, या धास्तीने शिक्षक ती बाहेर काढत नाहीत. दाखल नोंदवही बघावी तर सगळे नीट: अनुक्रमांक, किंमत, शिक्का. पुस्तकाची पाने मात्र अजून करकरीत. मुलांच्या हाताळण्याने फाटलेले पुस्तक हे शाळेच्या यशाचे लक्षण मानायला हवे, तपासणीतला दोष नव्हे.

सरकारचे प्रयत्न प्रामाणिक आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. अलीकडच्या ‘महावाचन उत्सवा’ने तर शाळाशाळांत पुस्तकांची चर्चा घडवली. पण वाचले की त्यावर लिही, लिहिले की ते संकेतस्थळावर टाक, ही अट मुलाच्या आनंदावर पाणी टाकते. गोष्ट रंगात आलेली असताना अभिप्रायाची चिंता कशाला? फ्रान्समधील शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क त्यात आहे. आपल्या शाळांनी मुलांना निदान हा दुसरा तरी द्यावा.

मुलांच्या निवडीवर विश्वास टाकता येतो, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेत कोणती परकीय भाषा शिकायची हे मुलांनाच विचारले, तेव्हा त्यांनी जपानी निवडली. रोबोटिक्सचे कुतूहल होते म्हणून. आणि ती नेटाने शिकलीही.

घराची बाजू सर्वांत दुबळी आहे. औरंगपुऱ्यातल्या दुकानांत जूनमध्ये पालकांची झुंबड उडते ती पाठ्यपुस्तके आणि गाईडांसाठी. गोष्टीचे पुस्तक मागणारा पालक विरळाच. ‘असर’ ही शिक्षणविषयक पाहणी सांगते की ग्रामीण भारतातील पाचवीची सुमारे निम्मी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत नाहीत. अशा मुलाला ‘वाचत बस’ म्हणून सोडून देणे ही शिक्षाच. त्याला आधी कुणीतरी वाचून दाखवायला हवे, रोज दहा मिनिटे का होईना, आवाजाचे चढउतार करत, चित्रांवर बोट ठेवत. आईवडिलांना वाचता येत नसेल तर मोठी ताई वाचेल, शेजारचा दादा वाचेल. मोहल्ला वाचनालयांना इथे पुष्कळ वाव आहे.

पुस्तकांचा तुटवडा आहे, ही सबब पुरती खरी नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘वाचू आनंदे’ मालिका आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत मिळतात. उणीव आहे ती आजच्या मराठवाड्यातल्या मुलाच्या जगण्यातून आलेल्या गोष्टींची: टँकरच्या पाण्याची, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची, मोहल्ल्यातल्या दोन भाषांची. प्रकाशकांनी हे मनावर घ्यावे.

भिलारनंतर पुस्तकांचे गाव म्हणून वेरूळची निवड झाली, ही आनंदाची गोष्ट. तिथे पर्यटकांइतकाच विचार गावातल्या पोरांचाही व्हावा. आणि शाळांपुरते बोलायचे तर एक काम येत्या मे महिन्यातच करता येईल. सुट्टी लागण्यापूर्वी कपाट रिकामे करावे, प्रत्येक मुलाला त्याच्या पसंतीची चार पुस्तके घरी न्यायला द्यावीत आणि जूनमध्ये परत घेताना एकही प्रश्न विचारू नये.